बकलमधला स्विच

अमेरिकेतल्या पिकअपवाल्यांची एक तक्रार मला मनापासून पटते. गुरांच्या रानात गाडी फिरवायची म्हणजे दर फाटकाला उतरायचं, फाटक उघडायचं, गाडी आत घ्यायची, पुन्हा उतरून फाटक लावायचं. एवढ्यासाठी पट्टा कोण लावणार? आणि नाही लावला की डॅशबोर्डमधून टिंगटिंग सुरू. शेजारच्या सीटवर हत्यारांची पेटी ठेवली किंवा कुत्रा बसला, तर त्यांच्या नावानेही टिंगटिंग. मग सुट्टीच्या दिवशी माणूस सीटखाली डोकं घालून वायरी शोधायला लागतो.

•

बकलमध्ये एक लहानसा स्विच असतो. पट्ट्याचं टोक खट्कन आत बसलं की त्याला कळतं. पण ही खबर एकट्या घंटेकडे जात नाही, ती एअरबॅगच्या कंप्यूटरकडेही जाते. तिकडच्या बऱ्याच गाड्यांत पट्टा न लावलेल्यासाठी पुढची एअरबॅग साधारण ताशी १६ ते १९ किलोमीटरने भिंतीवर आदळण्याइतक्या धक्क्याला उघडते. पट्टा लावलेल्यासाठी ती सुमारे २६ पर्यंत थांबते, कारण तोवर पट्टा एकटा पुरेसा असतो. आता बकलमध्ये पट्ट्याविना नुसती क्लिप खोचली किंवा स्विचला वायरीने चकवलं, तर कंप्यूटर समजतो की माणूस बांधलेला आहे. टक्कर या दोन वेगांच्या मधली झाली, तर पट्टाही नाही आणि एअरबॅगही नाही.

आवाजाचा त्रास होतो ना, मग आवाजाचाच बंदोबस्त करावा. स्विचला खोटं बोलायला लावू नये.

•

फोर्डचा ‘बेल्टमाइंडर’ २००० सालच्या मॉडेलांपासून आला. पट्टा नसेल तर ६ सेकंद टिंगटिंग, दर ३० सेकंदांनी, पाच मिनिटांपर्यंत. ओक्लाहोमातल्या एका पाहणीत ही सोय असलेल्या फोर्डचे ७६ टक्के चालक पट्टा लावताना दिसले, नसलेल्यांचे ७१. पाच टक्के कमी वाटतात, पण रस्त्यावरच्या लाखो गाड्यांना लावून पाहावेत. आणि कंपनीने आपल्या पुस्तिकेतच ही घंटा बंद करण्याची रीत छापली होती. रानात गाडी चालवणाऱ्याने आधी ते पान उघडावं.

•

१९७४ च्या मॉडेलांच्या अमेरिकी मोटारी पुढचे पट्टे लावल्याशिवाय सुरूच होत नसत. सीटवर किराण्याची पिशवी ठेवली तरी गाडी अडायची. लोक इतके चिडले की त्याच वर्षी काँग्रेसने ही सक्ती कायद्याने काढून टाकली. वर सरकारी नियमाने सक्तीची करता येईल अशा घंटेला गाडी सुरू केल्यानंतरच्या ८ सेकंदांची मर्यादा घातली. माणसाला कोंडीत पकडणारं यंत्र माणूस मोडतोच, हे अभियंत्यांनी तेव्हा ओळखायला हवं होतं.

•

तिथल्या केंद्रीय कायद्यानुसार कारखानदार, विक्रेता किंवा गॅरेजवाला सुरक्षेचं साधन जाणूनबुजून निकामी करू शकत नाही. ही बंदी मालकाला स्वतःला मात्र लागू नाही. घरच्या अंगणात पान्हा हातात घेतला की अडवणारं कोणी नाही.

•

पुढच्या सीटवरचा पट्टा मोटारीत मृत्यूचा धोका ४५ टक्क्यांनी कमी करतो. पिकअपसारख्या गाड्यांत ६० टक्क्यांनी. उंच गाडी उलटते, आणि उलटताना न बांधलेला माणूस बाहेर फेकला जातो. ज्या गाडीत पट्टा सर्वांत जास्त उपयोगी, तिच्यातच तो चकवण्याची हौस, याचं मला फार वाईट वाटतं.

•

आपल्याकडे वायरींना हातही लावावा लागत नाही, घंटा गप्प करणारी क्लिप विकतच मिळते. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर मोटार अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. मागच्या सीटवर होते, पट्टा नव्हता. त्यानंतर या क्लिपांची चर्चा सुरू झाली. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन दुकानांना त्या हटवायला लावल्या. १३,११८ जाहिराती उतरवल्या गेल्या. या क्लिपा विकणाऱ्यांबद्दल मला कणव नाही.

•

पट्टा लावूनही घंटा वाजत असेल तर बकलमध्ये नाणं, कुत्र्याचे केस किंवा सांडलेलं सरबत अडकलेलं असू शकतं. आधी तिथे टॉर्च लावून बघावं. बकलच खराब असेल तर त्याच मॉडेलचं नवीन बसवून घ्यावं. सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगचे आणि पट्टा आवळणाऱ्या यंत्रणेचे असतात. त्यांना मल्टिमीटर लावू नये, बॅटरीची वायर काढून काही मिनिटं थांबल्याशिवाय ते सोडवू नयेत. सीटचा फोम बदलला तर वजन ओळखणारा सेन्सर पुन्हा जुळवून घ्यावा लागतो.