लेडव्हिलची शंभर मैलांची वाट

अमेरिकेच्या कोलोराडो राज्यात, रॉकी पर्वताच्या कुशीत, लेडव्हिल नावाचे एक लहान गाव आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ३,०९० मीटर. आपले कळसूबाई १,६४६ मीटरचे. तेव्हा कळसूबाईच्या माथ्यावर जवळजवळ दुसरे कळसूबाई ठेवले की या गावाची बाजारपेठ लागते. लोकवस्ती आज तीन हजारांच्या आत. परंतु ऑगस्टमधील एका शनिवारी पहाटे या गावाच्या सहाव्या रस्त्यावर दीड हजारांच्या आसपास सायकलस्वार थंडीत कुडकुडत उभे असतात. त्यांत कुठे पिता-पुत्र असतात, कुठे पती-पत्नी, कुठे दोघे भाऊ. बरोबर साडेसहा वाजता बंदुकीचा बार होतो आणि शंभर मैलांची, म्हणजे सुमारे १६० किलोमीटरची, डोंगरवाट सुरू होते.

हे गाव शर्यतीसाठी वसलेले नाही. ते वसले चांदीसाठी, आणि त्याची कहाणी व्यापारी वाचकाने मुद्दाम ऐकावी अशी आहे. होरेस टेबर नावाचा एक दुकानदार येथे किराणा आणि खाणकामाची अवजारे विकत असे. १८७८ मध्ये त्याने दोन फाटक्या खाणवाल्यांना सामान दिले, ते रोखीने नव्हे, तर जे सापडेल त्यातील एक-तृतीयांश हिश्श्याच्या बोलीवर. त्या दोघांना चांदी लागली आणि दुकानदार कोट्यधीश झाला. तो गावाचा पहिला महापौर झाला. त्याने बांधलेले १८७९ चे नाट्यगृह हॅरिसन मार्गावर आजही उभे आहे. १८८० च्या जनगणनेत गावाची वस्ती चौदा हजारांवर होती. पुढे १८९३ मध्ये अमेरिकन सरकारने चांदीची सक्तीची खरेदी बंद केली, भाव कोसळले आणि टेबरचे सारे वैभव ओसरले. त्याची पत्नी १९३५ च्या हिवाळ्यात मॅचलेस खाणीजवळच्या एका लाकडी खोपटात एकाकी अवस्थेत मृत आढळली. सगळे भांडवल एकाच मालात अडकवण्याचा धोका ज्यांनी स्वतः सोसला आहे, त्यांना या कहाणीचे नवल वाटणार नाही.

गावाने तो धडा घेतला म्हणावे, तर तसेही नाही. चांदी गेल्यावर गाव विसंबले ते जवळच्या क्लायमॅक्स खाणीवर. तेथे मॉलिब्डेनम निघे. पोलादाला कठीणपणा आणणारा हा धातू. पोलादाच्या व्यापारातील मंडळींना हे नाव परके नाही. १९८० नंतर पोलादाला मंदी आली, खाण बंद पडली आणि सुमारे तीन हजार माणसे कामावरून उतरली. पुन्हा तेच झाले. घरे ओस पडू लागली, दुकानांना टाळी लागली.

कामावरून उतरलेल्या खाणकामगारांत केन क्लॉबर नावाचा एक धिप्पाड गृहस्थ होता. शंभर मैल धावण्याची शर्यत गावात भरवावी, असे त्याने ठरवले. त्यामागचा हिशोब अगदी दुकानदारी होता : अंतर एवढे लांब ठेवायचे की आलेल्या पाहुण्याला रात्री मुक्काम करावाच लागेल, जेवावे लागेल, चार वस्तू विकत घ्याव्या लागतील. एवढ्या उंचीवर माणसे दगावतील, असे गावातील रुग्णालयातून बजावण्यात आले, तेव्हा मग निदान गावाचे नाव तरी होईल, असे उत्तर त्याने दिल्याचे सांगतात. मेरिली मॉपिन या बाईंच्या साथीने १९८३ मध्ये ती शर्यत झाली. तिच्याच धर्तीवर १९९४ मध्ये डोंगरी सायकलींची शर्यत सुरू झाली आणि आज तीच अधिक गाजते. २०१० मध्ये दोन्ही शर्यती एका मोठ्या कंपनीने विकत घेतल्या. त्याने गावाचे भले झाले की गावपण उणे झाले, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. परंतु त्या आठवड्यात गावात खोली मिळणे कठीण असते, हे मात्र खरे.

वाट पश्चिमेकडे उतरते, टर्क्वॉइझ तलावाच्या कडेने जाते, शुगरलोफ डोंगर ओलांडते आणि विजेच्या तारांखालच्या एका उभ्या, घळी पडलेल्या उतारावरून खाली घसरते. त्या उताराचे नावच पॉवरलाइन. पुढे ट्विन लेक्स या जोडतलावांपाशी मोठा थांबा, आणि तेथून कोलंबाइन खाणीची चढण. ही चढण सुमारे ३,७८० मीटरपर्यंत जाते. झाडांची रेषा खाली राहते आणि श्वासागणिक समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी प्राणवायू मिळतो. शेवटच्या टप्प्यात दगडगोटे इतके की बहुतेकजण सायकल ढकलत चालतात. त्याच अरुंद वाटेने पुढचे स्वार खाली उतरत असतात. वरून परत फिरायचे आणि आलेली सगळी वाट उलटी तुडवायची. सकाळी भीत भीत उतरलेली पॉवरलाइन आता, सुमारे ऐंशी मैलांनंतर, चढायची असते. खरी परीक्षा तीच.

बारा तासांच्या आत परतणाऱ्यास चांदीच्या रंगाचे पट्ट्याचे बक्कल मिळते. नऊ तासांच्या आत येणाऱ्यास त्याहून मोठे, सोनेरी नक्षीचे. गॅनिसन या शेजारच्या गावचा डेव्ह वीन्स २००३ ते २००८ अशी सलग सहा वर्षे पहिला आला. २००८ मध्ये त्याने लान्स आर्मस्ट्राँगला मागे टाकले. वीन्स यांच्या पत्नी सुझन डिमॅटेई यांनीही १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये डोंगरी सायकलिंगचे कांस्यपदक मिळवले होते. एका घरात एवढे सायकलप्रेम विरळाच.

परंतु सर्वसामान्य कुटुंबाची गोष्ट वेगळी असते. स्वारांना त्यांच्या मागील कामगिरीनुसार वेगवेगळ्या गटांत उभे करतात. वेगवान पुढे, नवखे मागे. त्यामुळे एकाच घरातील बाप आणि मुलगा दोन ठिकाणांहून निघतात. मुलाला बापाबरोबर जायचे असेल, तर आपली पुढची जागा सोडून मागे यावे लागते. पहिला निर्णय तेथेच होतो. दुसरा होतो पॉवरलाइनवर. बापाच्या पायांत गोळे आले आहेत, तो रस्त्याच्या कडेला सायकलवर हात टेकून उभा आहे, आणि घड्याळ थांबत नाही. मुलाने थांबावे काय? थांबला तर कदाचित दोघांचेही बक्कल जाते. पुढे गेला तर बाप एकटा राहतो. पुष्कळदा तिढा बापच सोडवतो आणि मुलाला हाताने पुढे ढकलतो. कधी मुलगा ऐकत नाही. दुकानातही असे प्रसंग येतात. फक्त तेथे घड्याळ इतके स्पष्ट दिसत नाही.

आणि जे सायकलवर नसतात, त्यांचे काय? ट्विन लेक्सच्या थांब्यावर आई, आजी, धाकटी बहीण तंबू ठोकून उभ्या असतात. पाण्याच्या बाटल्या, केळी, सुकी जर्सी, पंक्चरचे सामान, सारे मांडून ठेवलेले. स्वार येतो, दोन मिनिटे थांबतो, निघून जातो. त्या दोन मिनिटांसाठी त्यांनी तासन् तास वाट पाहिलेली असते. (अशा लांब शर्यतींच्या थांब्यांवर मीठ लावलेल्या उकडलेल्या बटाट्यांना मोठी मागणी असते. आपल्यातील कोणी गेलाच, तर त्याने शेंगदाण्याची चिक्की आणि खाकरा घरूनच न्यावा.)

सम्मेदशिखरजीची सत्तावीस किलोमीटरची वंदना ज्यांनी सहकुटुंब केली आहे, त्यांना यातील बरेचसे ओळखीचे वाटेल. पहाटेच्या काळोखात निघणे, टोंकामागून टोंक, उतरताना थरथरणारे गुडघे, पुढे गेलेल्या नातवाचे वळून पाहणे. हेतू मात्र निराळा. तेथे कर्मनिर्जरेचा भाव आहे, येथे बक्कल. आपल्याकडच्या कायक्लेश तपाशी याची गल्लत करू नये. शिखरजीवर थकलेल्या आजोबांसाठी डोली असते, आणि वर पोहोचायला किती तास लागले हे कोणी मोजत नाही. लेडव्हिलला ते मोजले जाते, आणि म्हणूनच तेथे थांबणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते.

संध्याकाळी सहानंतर सहाव्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक दाटीवाटीने उभे राहतात. शेवटच्या रेषेवर लाल गालिचा अंथरलेला असतो. मेरिली मॉपिन यांनी वर्षानुवर्षे तेथे उभे राहून येणाऱ्यांना मिठी मारून पदक घातले. पहिला आलेला स्वार तोवर आंघोळ करून, जेवून परतलेला असतो. सगळ्यांचे डोळे रस्त्याच्या टोकाकडच्या चढावर लागलेले असतात. साडेसहाला दहा मिनिटे उरतात, मग सात. कोणाची तरी आई गर्दीतून पुढे येते, टाचा उंचावते. चढावर दोन शिरस्त्राणे दिसतात, एक जरा पुढे, एक जरा मागे. पुढचा हळू होतो, आणि दोघे बरोबरीने खाली येऊ लागतात.