फितीच्या जवळचा रुपया

जुन्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट लावली की नवरानवरीकडे फार वेळ कोणी बघत नाही. त्यांचे फोटो अल्बमात आहेतच. नजर धावते ती मागच्या माणसांकडे. पंगतीत वाकून मठ्ठा वाढणारा काका, अंतरपाटाच्या कडेला मुठीत अक्षता धरून उभी असलेली आजी, हॅलोजनचा झोत तोंडावर आला म्हणून डोळे मिचकावणारं एखादं पोर. शूटिंगवाल्याला यांतलं कोणीच नको होतं. कॅमेरा मांडवातून फिरताना ती चौकटीत येऊन गेली, एवढंच. पण त्या आजीची चाल, तिच्या बोलण्यातला हेल, आग्रह करताना काकाचा चढणारा आवाज हे दुसऱ्या कुठल्याही कागदावर उतरलेलं नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या मराठी घरांचा हलताबोलता इतिहास अशा काळ्या प्लास्टिकच्या डब्यांत नकळत साठून राहिला आहे. तो संगणकावर घ्यायचा विचार आला की लगेच पैशांचा प्रश्न पुढे येतो. ऑनलाइन बाजारात यूएसबीला जोडायची बोटभर लांबीची यंत्रं अगदी थोडक्या पैशांत मिळतात, आणि स्टुडिओत वापरतात ती सामग्री सामान्य घराच्या आवाक्याबाहेरची असते. या दोन टोकांच्या मधे किती खर्च करावा, असं सगळे विचारतात. तो खर्च कुठे करावा, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. माझं म्हणणं एवढंच आहे की खर्चलेला रुपया फितीच्या जितका जवळ, तितका तो मोलाचा. फितीपासून दूर, संगणकाच्या बाजूला, बिनधास्त काटकसर करावी; कॅसेट जपून ठेवली तर तिथली चूक उद्या सुधारता येते. फितीपाशी झालेली चूक तशीच राहून जाते.

हे पटण्यासाठी त्या डब्याच्या आत काय चाललेलं असतं ते पाहायला हवं. जेव्हीसी कंपनीने १९७६ साली जपानात आणलेली व्हीएचएस ही रचना आजही थक्क करते. अर्धा इंच रुंदीची फीत पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत सेकंदाला सुमारे २३ मिलिमीटर, म्हणजे गोगलगायीला शोभेल अशा गतीने पुढे सरकते. तिच्या अंगाला तिरका टेकलेला धातूचा गोल ड्रम मात्र सेकंदाला २५ फेऱ्या मारतो. ड्रमवरची दोन हेडं आळीपाळीने फितीवर तिरप्या रेघा ओढत जातात. एक रेघ म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग. रुंदी सुमारे ४९ मायक्रॉन, साधारण केसाच्या जाडीहूनही कमी. आजीने अक्षता टाकायला हात उचलला तो क्षण अशा काही रेघांत आहे, आणि त्या वाचायला तितकंच नेमकं फिरणारं दुसरं यंत्र लागतं. फीत वर्षानुवर्षं ताणली गेलेली, रबरी रोलर गुळगुळीत झालेला, बेल्ट सैल पडलेला असला की चित्राची प्रत्येक ओळ किंचित लवकर किंवा किंचित उशिरा सुरू होते. खांबाची उभी कड पाण्यात पाहिल्यासारखी डुलते, चौकटीचा वरचा भाग एका अंगाला मुडपतो. जुन्या काचेच्या नळीचा टीव्ही हे सगळं बरंचसं सांभाळून घ्यायचा. संगणकाला ही सवय नाही. त्याला ओळी वेळेवर हव्या असतात. त्या आल्या नाहीत तर तो चौकटी गाळतो, कधी निळा पडदा दाखवतो, आणि तासाभराने मंगलाष्टकं एकीकडे आणि गुरुजींचे ओठ दुसरीकडे अशी अवस्था होते. गंमत म्हणजे अशा अस्थिर संकेताला काही यंत्रं विकतच्या सिनेमाच्या कॅसेटवरचं कॉपीबंदीचं कुलूप समजून बसतात आणि घरच्या बारशाची नक्कल करायला नकार देतात.

म्हणून पहिला आणि मोठा खर्च चांगल्या व्हीसीआरवर व्हावा. नवा व्हीसीआर आता बनत नाही. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली उत्पादन थांबवलं, तेव्हा ती शेवटचीच उरली होती. त्यामुळे शोध जुन्या मालातच घ्यावा लागतो. नातेवाइकांच्या माळ्यावर, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा चोर बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात. घेताना कंपनीच्या नावापेक्षा यंत्राची तब्येत पाहावी. बिनमहत्त्वाची कॅसेट लावून ती पूर्ण पुढे, पूर्ण मागे न्यावी. फीत चुरगळते का, ट्रॅकिंगचं बटण फिरवल्यावर चित्र स्थिर होतं का, आवाज थरथरतो का, एवढं तपासलं तरी बराच धोका टळतो. हेडं साफ करून घेणं आणि रबराचे भाग बदलणं यासाठी जाणत्या मेकॅनिकला दिलेले पैसे कुठल्याही नव्या गॅजेटपेक्षा चित्र जास्त सुधारतात. थोडं अधिक परवडत असेल तर एस-व्हीएचएस जातीचा, ओळींची वेळ आतल्या आत दुरुस्त करणारा, म्हणजे टाइम बेस करेक्टर असलेला डेक शोधावा. तो न मिळाल्यास एक मधला मार्ग आहे. पॅनासॉनिकच्या डीएमआर-ईएस१० किंवा ईएस१५ सारख्या काही जुन्या डीव्हीडी रेकॉर्डरांमधून संकेत नुसता आरपार नेला तरी मुडपलेलं चित्र बरंच सरळ होतं. रेकॉर्डर म्हणून आता त्यांना कोणी विचारत नाही, म्हणून ते भंगारवाल्याकडेही सापडू शकतात. चांगला व्हीसीआर महाग वाटला तर चार भावंडांनी मिळून घ्यावा, सगळ्यांच्या कॅसेटी उतरवून झाल्यावर विकून टाकावा. मग खरा खर्च उरतो तो घेतानाच्या आणि विकतानाच्या किमतीतल्या फरकाचा.

व्हीसीआर ठीक असला की त्यापुढच्या यूएसबी यंत्रावर फार उधळपट्टी करायची गरज नसते. व्हीएचएसच्या चित्रात आडव्या दिशेने टिकणारा तपशील सुमारे २४० ओळींइतकाच असतो, आणि रंगाचा त्याहूनही कितीतरी कमी. साधं यंत्रदेखील चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांत मोजतं, म्हणजे त्याची पट्टी मापायच्या वस्तूपेक्षा बारीक आहे. स्थिर संकेत मिळाला तर ते आपलं काम निमूटपणे करतं. त्याचे दोष दुसरीकडे आहेत. एकाच नावाच्या खोक्यात वेगवेगळ्या चिप निघतात, आणि काहींच्या मूळ मांडणीत पांढरा रंग मर्यादेबाहेर ढकललेला असतो. हॅलोजनच्या उजेडात शालूचा जर, भटजींचं धोतर, नवरीचं कपाळ सगळं एकाच पांढऱ्या डागात विरघळतं. आणि एकदा विरघळलेलं नंतर कितीही काळोख वाढवला तरी परत येत नाही. यावर उपाय फुकट आहे. उतरवायच्या आधी ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट खाली आणून सर्वांत उजळ भागातही काही दिसतं आहे ना, हे पाहायचं. व्हीसीआरला एस-व्हिडिओची जागा असेल तर पिवळ्या वायरीऐवजी ती वापरायची, कारण फितीवर उजेड आणि रंग वेगवेगळे नोंदलेले असतात आणि पिवळी वायर त्यांची पुन्हा सरमिसळ करते. तीन रंगांच्या वायरी घेऊन एचडीएमआय देणारी डबी मात्र टाळावी. ती चित्र आपल्या मनाने फुगवते, अनेकदा सेकंदाच्या पन्नास चित्रांची साठ करते, आणि मूळ काय होतं ते पुन्हा कधी कळू देत नाही.

यापुढचा मुद्दा साठवणुकीचा, आणि इथे आपल्याकडे एक मोठा धडा आधीच गिरवून झालेला आहे. २००० सालच्या आगेमागे अनेक घरांनी लग्नाच्या कॅसेटी व्हीसीडीवर करून घेतल्या. त्या वेळी ते शहाणपणाचंच वाटलं. चकती छोटी, प्लेअर स्वस्त, एका सीडीवर ७४ मिनिटं. पण व्हीसीडीची चौकट पाल पद्धतीत ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांची. टीव्हीचं चित्र सेकंदाला पन्नास अर्ध्या चित्रांनी, म्हणजे फील्डांनी बनतं. व्हीसीडीने त्यांतली निम्मी सरळ टाकून दिली. उरलेल्या चित्राला घट्ट दाबून सेकंदाला साडेअकरा लाख बिटांत बसवलं. पंगतीतला मागचा चेहरा मुळात पंचवीस-तीस ओळींचा; तो तिथे चौकोनी ठिगळांचा झाला. आणि चकती हातात आली म्हणून अनेकांनी कॅसेट फेकून दिली. त्या काळी हार्ड डिस्क महाग होती, या तात्पुरत्या अडचणीची किंमत ती घरं कायमची मोजत आहेत. आज तीच चूक छोट्या एमपी४ फाइलच्या रूपाने होऊ शकते. अजिबात न दाबलेलं चित्र तासाला सुमारे ७५ जीबी जागा घेतं. हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही१ सारख्या, काहीही न गमावणाऱ्या पद्धतीत ती साधारण निम्म्यावर येते. एक टीबीच्या डिस्कवर त्यामुळे कितीतरी समारंभ मावतात. मूळ प्रत अशी ठेवावी, फील्ड शाबूत ठेवून. पाहण्यासाठी आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवण्यासाठी सेकंदाला पन्नास चौकटींची छोटी प्रत वेगळी काढावी. व्हर्च्युअलडब, ओबीएस, एफएफएमपेग ही साधनं मोफत आहेत, तेव्हा सॉफ्टवेअरवर एक पैसाही न घालता तो दुसऱ्या डिस्कवर घालावा. एकच डिस्क असेल तर ती खराब झाली की कॅसेटइतकीच मुकी.

मिनीडीव्हीची गोष्ट वेगळी दिसते, पण ती याच नियमाला बळ देते. १९९५ मध्ये आलेल्या या छोट्या कॅसेटींवर चित्र मुळातच आकड्यांत नोंदलेलं आहे. ते फायरवायर नावाच्या वायरीने संगणकात आणणं म्हणजे नुसती नक्कल. तासाला सुमारे १३ जीबी, एकही तपशील न गमावता, कॅमेऱ्याने नोंदलेल्या तारीखवेळेसकट. इथे सर्वांत किफायती यंत्र म्हणजे फायरवायरची खोबण असलेला एखादा जुना लॅपटॉप. तोच कॅमेरा पिवळ्या वायरीने यूएसबी यंत्राला जोडणं म्हणजे आकडे मोडून लहरी करायच्या आणि त्यांचे पुन्हा आकडे करायचे. अमेरिकेतल्या नातलगांकडून आलेल्या, तिथल्या एनटीएससी टीव्ही पद्धतीच्या कॅसेटींबाबतही तसंच. आपल्याकडचे काही व्हीसीआर त्या पाल टीव्हीवर दिसाव्यात म्हणून संकेताचा वेश अर्धवट बदलून देतात. टीव्हीला तो चालतो, यूएसबी यंत्राला बहुधा नाही. अशा कॅसेटींसाठी खरं एनटीएससी देणारा व्हीसीआरच शोधावा.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की घरगुती चित्रीकरण मुळातच अंधूक. त्यासाठी इतका बारकावा कशाला? पण ज्याच्याकडे मुळात थोडंच आहे त्याच्यातून थोडं गेलं तरी मोठं जातं. सिनेमाच्या चित्रातला चौथा हिस्सा गेला तर नायक ओळखू येतो. पंगतीतल्या चेहऱ्याचा चौथा हिस्सा गेला की तो कोणाचाही होतो. दुसरा आक्षेप नव्या काळाचा आहे: कृत्रिम बुद्धिमत्ता पुढे सगळं लख्ख करून देईल. ती करील ते चित्र लख्ख असेल, यात शंका नाही. पण फितीवर नसलेला तपशील तिला हजारो अनोळखी चेहऱ्यांवरून रचावा लागतो. आजीच्या डोळ्यांखालची सुरकुती ती भरून देईल. ती आजीचीच असेल याची हमी नाही. ज्यांना असा प्रयोग करायचा आहे त्यांनाही चांगली मूळ प्रत लागणारच. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: हा सगळा खटाटोप करण्यापेक्षा दुकानात दिलेलं काय वाईट? दोन-तीनच कॅसेटी असतील तर दुकानच बरं, हे मान्य करायला हवं. एवढ्यासाठी व्हीसीआर शोधण्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातील. फक्त पैसे देण्याआधी विचारावं, की मूळ मोठी फाइल मिळेल का, पन्नास फील्ड शाबूत राहतील का, आणि कॅसेट परत मिळेल ना. बुरशी लागलेली कॅसेट असेल तर दुकान नव्हे, जाणकारच गाठावा. कोकणात आणि मुंबईच्या दमट हवेत फितीच्या कडेला पांढरी पूड दिसते; तशी फीत घरच्या व्हीसीआरमध्ये घातली तर ती हेडं बिघडवते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला तीच लागण देते.

शेवटी हिशेब काळाचा आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी सारखा चालत नाही. यूएसबी यंत्रं, डिस्क, संगणक यांच्याबाबत वाट पाहणाऱ्याचा फायदाच होत आला आहे. वर्षांगणिक बहुधा तेवढ्याच पैशांत अधिक मिळत गेलं. फिती आणि व्हीसीआर यांचं बरोबर उलट. युनेस्कोने २०१९ साली चुंबकीय फितींबद्दल जगभर इशारा दिला तेव्हा काळजी होती ती फितींइतकीच त्या वाजवणाऱ्या यंत्रांची, त्यांच्या सुट्या भागांची आणि ती दुरुस्त करणाऱ्या हातांची. हे तिन्ही घटत चालले आहेत आणि पुन्हा वाढणार नाहीत. ज्याची किंमत पुढे उतरणार आहे ते आज साधंच घ्यावं. जे पुढे कुठल्याच किमतीला मिळणार नाही त्यावर आज जमेल तेवढा हात सैल सोडावा. मधल्या काळात प्रत्येक व्हीएचएस कॅसेटच्या कडेची प्लास्टिकची छोटी पट्टी मोडून ठेवावी, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही. या उपायालाही एकही रुपया लागत नाही, आणि फितीच्या त्याच्याइतकं जवळ दुसरं काही नाही.