विद्यामंदिरांतील कला

साहित्य, संगीत आणि कला यांवांचून राहिलेल्या मनुष्यास भर्तृहरीनें शेपूट-शिंगें नसलेला पशु म्हटलें आहे. हा श्लोक आम्हीं तीस वर्षें मुलांकडून पाठ करून घेतला. एकदां त्याच तासाला एका मुलानें वहीच्या समासांत बिनशिंगी, बिनशेपटी बैल काढलेला आम्हांस दिसला. आम्हीं वही जप्त केली व त्यास बाकावर उभें केलें. श्लोकाचा अर्थ वर्गांत खरा त्यालाच कळला होता, हें ध्यानांत येण्यास आम्हांस फार काळ लागला.

ही गोष्ट आज आठवण्याचें कारण घरांतलेंच आहे. आमच्या धाकट्या बंधूंची नात यंदा बारावी झाली. बडोद्याच्या विद्यापीठांत चित्रकलेची पदवी घेईन, असें ती म्हणते. घरांत दोन तट पडले. वहिनी म्हणाल्या, "रांगोळी आम्ही घरींच शिकलों. त्याला विद्यापीठ कशाला?" बंधूंना पोटापाण्याची चिंता. निर्णय आमच्यावर सोंपविण्यांत आला. मास्तरकीची खोड जात नाहीं, म्हणून आम्हीं आधीं त्या विद्यापीठाचा इतिहास चाळला.

नाशिक जिल्ह्यांतील कवळाणें गांवचा, शेतकऱ्याच्या घरांतला गोपाळ १८७५ सालीं दत्तक जाऊन सयाजीराव महाराज झाला. त्यांच्या कारकीर्दींत १८८१ सालीं बडोदें कॉलेज निघालें आणि १८८६ सालीं उस्ताद मौलाबक्षांची गायनशाळा. तोंवर गाणें शिकावयाचें म्हणजे उस्तादाच्या घरीं वर्षानुवर्षें राबावयाचें. मौलाबक्षांनीं स्वरलेखनाची पद्धति बसविली आणि गाणें वर्गांत आणलें. १८९० सालीं कलाभवन सुरू झालें. दादासाहेब फाळके तेथें चित्रकला व छायाचित्रण शिकले. १९१३ सालचा 'राजा हरिश्चंद्र' हें त्या शिक्षणाचेंहि फळ होय. तंजावरच्या राजकन्येशीं महाराजांचा विवाह झाला, तेव्हां तिच्याबरोबर तिकडील नर्तकीहि आल्या. १९१६ सालीं पंडित भातखंडे यांच्या पुढाकारानें पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तीहि बडोद्यासच.

या पायावर १९४९ सालीं विद्यापीठ उभें राहिलें. हंसाबाई मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरु. संगीताची जुनी शाळाहि विद्यापीठांत आली आणि १९५० सालीं ललितकलांचा स्वतंत्र विभाग निघाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत त्या काळीं पदविका मिळे. येथें चित्रकार व शिल्पकार यांस पदवी मिळूं लागली. हातांत कुंचला आणि जोडीला कलेचा इतिहास, असा हा अभ्यास होता. इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे चित्रकला शिकवीत, शंखो चौधरी शिल्पकला.

पुढें के. जी. सुब्रह्मण्यन् यांनीं कुंभार, विणकर, खेळणीं घडविणारे यांच्या कारागिरीकडे विद्यार्थ्यांचें लक्ष वेधलें. १९६१ पासून विभागांत जत्रा भरूं लागली. तींत गुरु-शिष्य आपल्या हातचीं खेळणीं व बाहुल्या विकावयास बसत. हें वाचून आम्हीं वहिनींस म्हणालों, "वहिनी, तुमच्या रांगोळीला तेथें मान आहे." बंधूंस भूपेन खक्करांची हकीकत सांगितली. ते हिशेबनीस. कलासमीक्षा शिकण्यास बडोद्यास गेले, अर्धवेळ हिशेब लिहून पोट भरलें आणि मोठे चित्रकार झाले.

सारा इतिहास सुखाचाच आहे असें नाहीं. २००७ सालीं परीक्षेसाठीं मांडलेल्या चित्रांवरून बाहेरच्या मंडळींनीं गोंधळ घातला आणि एका विद्यार्थ्यास अटक झाली. बंधूंनीं तेवढेंच नेमकें धरलें. परंतु आमच्या मनांत निराळाच विचार आला. चित्र काढल्याबद्दल विद्यार्थ्यास शिक्षा करणाऱ्यांत आम्हीहि होतोंच. फरक एवढाच, कीं आमच्या हातीं फक्त बाक होता.

अखेर आम्हीं होकार दिला आणि अर्जाचे पैसे आमच्या निवृत्तिवेतनांतून भरले. ती जुनी वही मात्र आम्हीं त्या मुलास कधींच परत दिली नाहीं. वाचकांच्या घरीं कोणी पोर वहीच्या समासांत चित्र काढीत असेल, तर त्यास रागावण्यापूर्वीं तें चित्र एकदां नीट पाहावें, एवढीच आमची विनंति.