निळ्या-पांढऱ्यातली रेघ

लांबीला वीतभराहून जरा आखूड, मुठीवर काळं रबर, एका टोकाला डोळा लावायची काच आणि दुसऱ्या टोकाला तिरका प्रिझम. रिफ्रॅक्टोमीटर म्हणजे एवढाच ऐवज. त्याला सेल लागत नाही, बटण नाही. समुद्री मत्स्यालयाच्या टँकमधल्या खाऱ्या पाण्याचे दोन थेंब आणि उजेड, एवढ्यावर त्याचं भागतं. झाकण हलकेच मिटायचं, खाली बुडबुडा अडकला नाही ना ते बघायचं आणि अर्धा मिनिट थांबायचं, कारण थेंबाला प्रिझमच्या तापमानावर यायला तेवढा वेळ हवा. मग खिडकीकडे तोंड करून आत डोकवायचं. वर निळं, खाली पांढरं. मधली रेघ ३५ वर असली, तर किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार (३५ पीपीटी) आहेत, म्हणजे बाहेरच्या समुद्रात असतात साधारण तेवढेच.

घराणं जुनं आहे. १९ व्या शतकात जर्मनीतल्या येना इथं अर्न्स्ट आबे यांनी प्रयोगशाळेतला रिफ्रॅक्टोमीटर घडवला. नाशिकच्या द्राक्षबागेत याचाच भाऊ मण्याच्या रसातली साखर मोजतो. पाण्यात काहीही विरघळलं की प्रकाश जास्त वाकतो, आणि या घराण्याला ते वाकणं अचूक दिसतं.

पण ते कशामुळे वाकलं, हे मात्र त्याला सांगता येत नाही. बाजारातले बरेच स्वस्त मीटर मुळात साध्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेले असतात. अशा मीटरमध्ये समुद्राचं खरं ३५ पीपीटीचं पाणी साडेछत्तीस दिसतं. म्हणून डिस्टिल्ड वॉटरवर शून्य लावून मोकळं होणं मला पटत नाही. समुद्राच्या पाण्याचं ३५ पीपीटीचं प्रमाण द्रावण घ्यावं, टोपणाखालचा छोटा स्क्रू फिरवावा आणि रेघ तिथे आणून ठेवावी. काम झालं की प्रिझम गोड्या पाण्यानं धुऊन मऊ कापडानं पुसावा. क्षाराचा पांढरा पापुद्रा राहिला, तर पुढच्या वेळी हा प्रामाणिक गडी जास्तीचा आकडा सांगतो.

टँकमधून वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी, मीठ सगळं मागे राहतं. मे महिन्यात पंखा लावलेल्या शंभर लिटरच्या टँकमधून रोज दोन लिटर जात असतील, तर तीन दिवसांच्या हयगयीत ३५ चे सव्वासदतीस होतात. जुलैत हवाच ओली, पाणी कमी उडतं. तेव्हाही मे महिन्याच्याच मापानं गोडं पाणी ओतत राहिलं, तर खारटपणा उतरत जातो. मासा थोडंफार सांभाळून घेतो, त्याला कल्ले आणि मूत्रपिंडं आहेत. प्रवाळांचे नातलग झोअँथिड आणि तारामासा यांना ती सोय नाही. बाहेरच्या क्षारतेबरोबर त्यांच्या अंगातली क्षारताही वरखाली होते. त्यांना त्रास होतो तो आकड्यापेक्षा चढउताराचा; लाल समुद्रात पाण्याची क्षारता चाळिशीच्या आसपास असूनही प्रवाळ पिढ्यानपिढ्या नांदतात. म्हणून मी रेघ नेमकी ३५ वर आहे का, यापेक्षा ती कालच्याच जागी आहे का, ते आधी बघतो.

ऑटो टॉप-ऑफ हा मीटरचा सोबती. टँकखालच्या सम्प टाकीतलं पाणी खाली गेलं की फ्लोट उतरतो आणि आरओचं पाणी आत येतं. पण त्याला फक्त पातळी कळते. फ्लोटवर गोगलगाय चढून बसली की तो ओततच राहतो, टँक मात्र भरलेला आणि छान दिसतो. रेघ ३१ वर आल्याचं हा मीटरच सांगतो. अशा वेळी मूठभर मीठ थेट टँकमध्ये टाकू नये. जास्तीचं पाणी काढावं आणि पुढचे काही दिवस टॉप-ऑफला गोड्याऐवजी नीट ढवळून विरघळवलेलं खारं पाणी वापरावं, दिवसाला फार तर एक पीपीटी चढेल अशा बेतानं. तेवढे दिवस मीटर रोज बाहेर काढावा, आणि टँकचं पाणी घालण्याआधी प्रमाण द्रावणावर तपासून घ्यावा.