मातीखालचा चढ

पाणवनस्पतींच्या टाकीत जमीन पुढे सखल आणि मागे उंच असावी लागते. चढामुळे टाकी आहे त्याहून खोल भासते आणि मागची झुडपे पुढच्यांआड झाकली जात नाहीत. बहुतेक हौशी मंडळी पहिल्या टाकीत हा चढ विकतचे सॉइल, म्हणजे पाणवनस्पतींसाठीची दाणेदार माती, ओतूनच करतात. पाणी भरेपर्यंत तो देखणा दिसतो. मग मासे उकरतात, पाणी बदलताना धार लागते, दाणे खाली ओघळतात आणि काही महिन्यांत जमीन जवळजवळ सपाट होते.

हिशेब मांडला की चूक लगेच दिसते. ९० सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर रुंद टाकीत पुढे ४ आणि मागे २० सेंटिमीटर उंची हवी असेल, तर ४८ लिटरांहून जास्त सॉइल लागेल. ९ लिटरच्या जवळपास साडेपाच पिशव्या झाल्या. मुळांना मात्र पुढे ४ आणि मागे ६ सेंटिमीटर थर बहुधा पुरतो, म्हणजे सव्वादोन पिशव्या. उरलेले २८ लिटर फक्त उंचीसाठी आहेत.

पैशापेक्षा मोठा तोटा हवेचा आहे. जाड, दबलेल्या थराच्या तळाशी ऑक्सिजन पोहोचत नाही. तिथे सडण्याची प्रक्रिया सुरू होते, काचेलगत काळे डाग दिसू लागतात आणि काडीने ढोसले की कुजक्या अंड्याचा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइड असतो. म्हणून उंची द्यायची ती सच्छिद्र आणि पाण्यात न विरघळणाऱ्या भरावाने. जपानचे ताकाशी अमानो यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेली एडीए कंपनी सॉइलखाली घालण्यासाठी प्युमिसचा, म्हणजे सच्छिद्र ज्वालामुखी खड्यांचा, थर विकते. विचार तोच आहे.

आता मराठवाड्यातल्या किल्लारी-औसा भागात हा भराव कशाचा करायचा? इथली जमीन ज्वालामुखीचीच आहे. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीत संशोधनासाठी खोल विवर खोदले, तेव्हा बेसाल्टचा थर सुमारे ३३८ मीटर जाड निघाला. तरी शेताच्या बांधावरचा दगड उचलला आणि टाकीत ठेवला, असे करून चालत नाही. दख्खनच्या बेसाल्टमधली मूळची छिद्रे पुष्कळदा झिओलाइट आणि कॅल्साइटने भरलेली असतात. कॅल्साइट पाण्याचा जडपणा वाढवतो. कोरड्या दगडावरच्या पांढऱ्या रेषेवर हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकावेत, हातमोजे घालून आणि उघड्यावर. फसफसले तर तो दगड बाजूला काढावा. काळ्या मातीतले चुनखडीचे खडेही याच कारणाने नकोत. खुद्द काळी माती तर टाकीत आणूच नये, तिचे बारीक कण पाण्यात तरंगत राहतात.

माझी पसंती भट्टीत पक्क्या भाजलेल्या विटेच्या तुकड्यांना आहे. वीट हलकी असते, तिच्या छिद्रांत उपयोगी जिवाणू घर करतात आणि ती कुठल्याही गावात मिळते. सिमेंट किंवा चुना चिकटलेली जुनी वीट मात्र घेऊ नये. तुकडे धुऊन कांद्याच्या जाळीदार पिशवीत भरायचे, पिशव्या मागच्या काचेलगत पायरीसारख्या रचायच्या, फटींत बारीक तुकडे घालायचे आणि वरून सॉइल पसरायचे. जाळीमुळे भराव सरकत नाही आणि मुळे आत शिरतात. चढ ३० अंशांच्या वर न्यायचा असेल, तर मध्ये प्लॅस्टिकच्या आडव्या पट्ट्या उभ्या कराव्याच लागतात.

थर्मोकोल मी कुणालाच सुचवत नाही. २८ लिटरचा तुकडा पाण्याखाली जवळपास २८ किलोच्या जोराने वर येऊ पाहतो आणि सिलिकॉनचा सांधा सुटला की सगळी मांडणी उलटते. उलट नुसती खडी घातली, तर तेवढ्याच जागेत सुमारे ४२ किलो वजन बसते. टेबलाला ते पेलायला हवे.

किल्लारीत दगड रचण्याची गोष्ट हलक्याने काढता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी इथल्या मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरची जड माळवदे कोसळली, हजारो माणसे गेली. भिंतीचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांत गुंतवणारे आरपार दगड बऱ्याच घरांत नव्हते. पुढे घरे बळकट करताना असे दगड मुद्दाम बसवले गेले. टाकीतला धोका त्यापुढे काहीच नाही, पण रचनेचा नियम तोच आहे: मोठा दगड ढिल्या सॉइलवर टेकवायचा नाही. आधी तळाच्या काचेवर प्लॅस्टिकची चौकोनी जाळी अंथरायची, त्यावर दगड घट्ट बसवायचा, हाताने हलवून पाहायचा, मगच भराव आणि शेवटी सॉइल.

आणखी एक गोष्ट मराठवाड्यातल्या वाचकांसाठी. बोअरचे पाणी जड असते आणि सॉइलची पाणी मऊ ठेवण्याची ताकद त्याने लवकर संपते. सॉइल कमी घातले, तर आणखी लवकर. त्यामुळे पावसाचे साठवलेले स्वच्छ पाणी किंवा आरओचे पाणी मिसळावे. ते शक्य नसेल, तर व्हॅलिस्नेरिया, हायग्रोफिलासारख्या जड पाणी सोसणाऱ्या वनस्पती लावाव्यात. यंदा दिवाळीच्या सुटीत टाकी मांडणार असाल, तर सॉइलची पिशवी फोडण्याआधी तळाचा भराव पूर्ण करा आणि एक दिवस पाणी भरून तो हलतो का ते तपासा.