नुसतं मोजणारी माणसं

अप्रायझलमध्ये बॉस म्हणाला, "तू नक्की करतोस काय? आकडेच भरतोस ना?" जाम लागलं. लोकलमध्ये बसल्यावर आठवली कधीतरी वाचलेली ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’.

१९४० मध्ये राल्फ बॅग्नोल्डनं इजिप्तमध्ये उभी केलेली ही ब्रिटिश तुकडी. शत्रूच्या पाठीमागे, लिबियाच्या वाळवंटात शेकडो मैल घुसायची. ट्रकच्या लोखंडामुळे साधं होकायंत्र चुकायचं, म्हणून सूर्याच्या सावलीवरून दिशा ठरवायची. एकदम फिल्मी, ना? पण त्यांचं सगळ्यात मोलाचं काम माहितीये? १९४२ मध्ये किनाऱ्यालगतच्या हमरस्त्याजवळ दोघं जण उजाडण्याआधीपासून अंधार पडेपर्यंत जमिनीला चिकटून पडायचे आणि जाणारे-येणारे ट्रक, रणगाडे मोजायचे. गोळी झाडायची नाही, हलायचं नाही. महिनोन्‌महिने, पाळीपाळीनं. तो हिशोब वायरलेसवरून पुढे जायचा आणि रोमेलकडे किती कुमक चाललीय, ते कैरोत कळायचं.

दुसऱ्या दिवशी शीट पुन्हा तपासली. दोन आकडे चुकले होते. निमूट दुरुस्त केले. आता हे अप्रायझलच्या कुठल्या रकान्यात लिहायचं, सांगाल?