करंगळी

रात्री दिवे गेले की आमच्या घरात मेणबत्ती सापडत नाही, काडेपेटी सापडत नाही. पलंगाचा पाय मात्र पहिल्या फटक्याला सापडतो, आणि तोही करंगळीला. परवा असाच सापडला.

यातली खरी गंमत अशी, की बोट आपटतं ते आधी कळतं आणि दुखतं नंतर. मधे एक क्षण असा जातो की आता ठणका येणार हे पक्कं ठाऊक असतं, आणि ठणका अजून वाटेत असतो. कन्यारत्न डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी एका पायावर नाचत असतानाच तिने खुलासा केला. मणक्याजवळ चेतापेशी बसलेल्या असतात आणि एकेकीचा तंतू थेट करंगळीपर्यंत, चांगला मीटरभर लांब. स्पर्शाची बातमी नेणाऱ्या तंतूवर मायलिनचं जाड वेष्टण, म्हणून ती सेकंदाला पन्नासेक मीटर पळते. ठणक्याचा तंतू बिचारा उघडा. त्याची बातमी सेकंदाला मीटरभर, म्हणजे साधारण माझ्याच चालीने. एक मेल, दुसरी पॅसेंजर!

"आणि बाबा, नाचू नका, चोळा. चोळल्याची बातमी ठणक्याला कण्याच्या दारातच अडवते."

हा विचार मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी १९६५ साली मांडला म्हणे. आमची आजी त्याच्या कितीतरी आधीपासून चोळत होती. फक्त तिने ते कुठे छापून आणलं नाही. आणि या सगळ्या प्रकाराला नाव काय, तर मज्जातंतू! नाव ठेवणाऱ्याची करंगळी कधी आपटलेली नसावी.

हे सगळं मी रंगवून रंगवून दादाला सांगितलं. तो हसला नाही. "तुला ठणका येतो तरी," एवढंच म्हणाला.

दादाला वीस वर्षांचा मधुमेह. चपलेचा खिळा तळव्यात घुसला तरी गडी सबंध बाजार हिंडून आला. वहिनींना फरशीवर रक्ताचे ठसे दिसले तेव्हा शोध लागला. साखरेचा मार लांबच्या तंतूंवर आधी बसतो, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून, असं कन्येने सांगितलं. या वेळी मेल-पॅसेंजर काही सुचलं नाही.

तेव्हापासून दर रविवारी मी कापसाचा बोळा घेऊन दादाकडे जातो. लहानपणी याच तळव्याला नुसतं बोट दाखवलं तरी दादा खाटेवरून खाली पडायचा. आता मी कापूस फिरवतो आणि विचारतो, "लागतंय?" "लागतंय की!" दर खेपेला हेच उत्तर. नजर माझ्या हातावर.

गेल्या रविवारी म्हटलं, "दादा, डोळे मीट."

"का रे, विश्वास नाही?"

"मीट तर खरं."

त्याने मिटले. मी कापूस हातातच धरून ठेवला.

"लागतंय?"

"लागतंय," दादा म्हणाला. "आज तर चांगलंच लागतंय."